व्हिएन्नाहून आलेली माणसं

३ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि मुंबईत जर्मनांची धरपकड सुरू झाली. यादीतले बरेच जण स्वतःला जर्मन म्हणवून घ्यायला तयारच नव्हते. ते ऑस्ट्रियाचे होते. पण ऑस्ट्रिया नावाचा देश दीड वर्षापूर्वीच नकाशावरून पुसला गेला होता. १२ मार्च १९३८ला हिटलरचं सैन्य सरहद्द ओलांडून आत शिरलं, दुसऱ्या दिवशी कायदा झाला, आणि त्या देशाची माणसं झोपेतून उठली ती जर्मन प्रजा म्हणूनच. परिणामी नाझींच्या तावडीतून कसाबसा सुटून आलेला व्हिएन्नाचा ज्यू आणि एखाद्या जर्मन कंपनीत बसून हिटलरचे गोडवे गाणारा साहेब, हे दोघेही मुंबई सरकारच्या लेखी सारखेच: शत्रुराष्ट्राचे नागरिक. दोघांचीही रवानगी अहमदनगरच्या छावणीत.

या माणसांजवळचा पासपोर्ट जरा जवळून पाहण्यासारखा होता. जुना ऑस्ट्रियन पासपोर्ट रद्द झालेला; त्याच्या जागी तपकिरी पुठ्ठ्याचा, गरुड-स्वस्तिकाचा जर्मन पासपोर्ट. धारक ज्यू असेल तर आत लाल शाईत ‘ज्यू’ या जर्मन शब्दाचं ठळक आद्याक्षर. १ जानेवारी १९३९पासून पुरुषाच्या नावाला ‘इस्राएल’ आणि बाईच्या नावाला ‘सारा’ हे शेपूट सक्तीने जोडलेलं. ते लाल अक्षर एकट्या बर्लिनच्या डोक्यातून निघालेलं नाही. व्हिएन्नाहून पळणारे लोंढे स्वित्झर्लंडला आपल्या सरहद्दीवर थोपवायचे होते, आणि सगळ्याच जर्मनांना व्हिसा लावून धंद्याचं नुकसानही करून घ्यायचं नव्हतं. दोन्ही सरकारांच्या बोलण्यांतून सप्टेंबर १९३८मध्ये तोडगा निघाला तो हा: ज्यूंच्या पासपोर्टवर खूण करा, म्हणजे आमच्या शिपायाला ओळखता येईल. शेजारच्या, एकच भाषा बोलणाऱ्या देशाने दार लावून घेतलं. समुद्रापलीकडच्या ज्या थोड्या बंदरांत उतरायची सोय उरली, त्यांत मुंबई होती.

मुंबईचं दारही काही सताड उघडं नव्हतं. इथे नोकरी हातात असली किंवा कुणी जामीन राहिला तरच ब्रिटिश हिंदुस्थानचा व्हिसा मिळे. मुंबईत १९३४मध्ये ज्यू निर्वासितांच्या मदतीसाठी एक मंडळ निघालं होतं. ते हमी देई, उतरलेल्या माणसाला कामधंदा शोधून देई. इटालियन लॉइड त्रिएस्तिनोच्या बोटी भरभरून पूर्वेकडे निघत. ही कंपनी मूळची ऑस्ट्रियन लॉइड. त्रिएस्त हे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं बंदर होतं तेव्हापासून तिची मुंबईला ये-जा होती. बहुतेक उतारू पुढे शांघायला जात, कारण तिथे व्हिसा लागत नसे. काही थोडे मुंबईतच उतरत.

आणि व्हिएन्ना मुंबईला अगदीच अनोळखी नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३पासून प्राच्यभाषा शिकवणारे गेओर्ग ब्यूलर पुढे व्हिएन्ना विद्यापीठात गेले आणि त्यांच्यामुळे ते शहर संस्कृतच्या अभ्यासाचं मोठं ठाणं झालं. १८८६मध्ये तिथे प्राच्यविद्या परिषद भरली तेव्हा रा. गो. भांडारकर गेले होते आणि परतल्यावर त्यांनी त्या भेटीचा वृत्तान्त लिहून काढला. ब्यूलरांचे व्हिएन्नातले शिष्य मोरित्स विंटरनिट्स. त्यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं शीलावतीबाई केतकरांनी, म्हणजे ज्ञानकोशकार केतकरांच्या जर्मनीहून आलेल्या पत्नीने. तेव्हा ही ये-जा जुनीच; फक्त आतापर्यंत ती पोथ्यांची आणि पंडितांची होती. १९३८ला आली ती जीव वाचवायला निघालेली माणसं.

त्यांच्या आधी मुंबईत रुळलेली जर्मनभाषक मंडळी म्हणजे स्विस. १ फेब्रुवारी १८५१ला सालोमोन आणि योहान गेओर्ग या व्होल्कार्ट बंधूंनी एकाच दिवशी दोन ठिकाणी पेढी उघडली: एक विंटरटूरला, दुसरी मुंबईत. एक भाऊ तिकडे, एक इकडे. इकडचा योहान गेओर्ग १८६१मध्ये वारला, पण पेढी टिकली ती कापसावर. विंटरटूर हे झ्युरिकजवळचं छोटं गिरणगाव. रेल्वे आतवर गेली तसा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर येऊ लागला. १८७०मध्ये लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आला होता, इतकं त्या कापसाला मोल होतं. मोठ्या परदेशी खरेदीदारांत रॅली बंधू ग्रीक, व्होल्कार्ट स्विस. यातला नफा पुढे कुठे कुठे गेला हे पाहिलं की गंमत वाटते. पेढीचे वारस झालेल्या राइनहार्ट घराण्यातल्या वेर्नर राइनहार्टने १९२१मध्ये कवी रिल्केसाठी म्युझो नावाची एक जुनी गढी आधी भाड्याने घेतली, मग विकत. तिथेच फेब्रुवारी १९२२मध्ये रिल्केने आपली ‘दुइनो विलापिका’ पुरी केली. जर्मन कवितेतल्या या शिखराखाली वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही थोडा भराव आहे, असं म्हटलं तर वऱ्हाडी माणूस हरकत घेणार नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा या स्विसांना कुणी हात लावला नाही. देश तटस्थ. भाषा तीच, पुस्तकं तीच, नाताळचं झाडही तेच. पण पासपोर्टवर पांढरा क्रूस होता. तसंच प्रागकडच्या जर्मनभाषकांचं. त्यांच्याजवळ चेकोस्लोव्हाकियाचे कागद होते, म्हणून ते मित्रराष्ट्राचे ठरले. संगीतकार वॉल्टर कौफमान असेच. जन्म १९०७चा, कार्ल्सबादचा. तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या बादशहाच्याच राज्यात होतं. ते १९३४मध्ये मुंबईत आले, इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं खातं सांभाळलं. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची. आकाशवाणीची सकाळची ती धून कौफमानचीच: खाली तंबोरा लागलेला, त्यावर व्हायोलिनचे ते चढते सूर, शिवरंजनीची आठवण करून देणारे. सूर पाश्चात्त्य वाद्याचा, बैठक मात्र आपली. गिरगावातल्या चाळींत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या दोन पिढ्या त्या धुनेवर उठल्या. दूधवाला, नळाचं पाणी आणि ती धून साधारण एकाच वेळी यायची. ती एका परागंदा माणसाने बांधली आहे याचा कुणाला पत्ता नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं.

कौफमानच्याच मदतीने १९३९मध्ये विली हास मुंबईला पोचले. प्रागचे हास म्हणजे बर्लिनमधल्या एका अव्वल साहित्यिक साप्ताहिकाचे संपादक. इथे त्यांना काम मिळालं ते मोहन भवनानींच्या कंपनीत, हिंदी बोलपटांच्या कथा-पटकथा लिहिण्याचं. हिंदी येत नव्हतं, इंग्रजीही बेताचीच. तरी लिहिल्या. प्राग सोडण्यापूर्वी मिलेना येसेन्स्का या बाईंनी काफ्काने आपल्याला लिहिलेली पत्रं या हासांच्या हवाली केली होती. युद्धानंतर, १९५२मध्ये, हासांनीच ती संपादून छापली. विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रेमपत्रांचा संपादक युद्धाची सुरुवातीची वर्षं मुंबईत बोलपटांचे प्रसंग जुळवत बसला होता.

ऑस्ट्रियनांचं नशीब एवढं सरळ नव्हतं. अहमदनगरच्या छावणीत ज्यू, कम्युनिस्ट, मिशनरी, खलाशी, गिर्यारोहक आणि कट्टर नाझी एकाच तारेच्या कुंपणात आले. गिर्यारोहकांत हाइन्रिश हारर होता. ऑस्ट्रियाच्या करिन्थियाचा, आणि एस.एस.चा सदस्य. नंगा पर्बतच्या मोहिमेवरून परतताना तो कराचीत अडकला आणि अहमदनगर, देवळाली करत देहरादूनला पोचला. तिथून १९४४मध्ये तो निसटला आणि ल्हासाला गेला. ती कथा जगभर वाचली गेली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्यातलं अहमदनगर मात्र वाचकांच्या लक्षातही राहत नाही. ज्यांच्यापासून जीव घेऊन पळायचं त्यांच्याच शेजारी हजेरीला उभं राहायचं, हा त्या छावणीतला ज्यूंचा रोजचा अनुभव. यथावकाश सरकारला फरक कळू लागला. चौकशी समित्यांनी एकेकाची उलटतपासणी घेतली, बऱ्याच निर्वासितांना सोडलं, काहींना कुटुंबासह पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला पॅरोलवर ठेवलं. शिवाजी महाराजांनी ज्या गडाच्या पायथ्याशी तह केला त्या गडावर व्हिएन्नाच्या बायका मुलांचे लोकरी स्वेटर विणत बसल्या, हे चित्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे बसवायचं हा प्रश्नच आहे.

वॉल्टर लांगहामर यांनाही काही काळ अहमदनगरची हवा खावी लागली. जन्म १९०५चा, ग्राझचा. व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकलेले, तिथेच कलेचे शिक्षक. विचाराने समाजवादी, बायको केटे त्यांच्याहून डावी आणि ज्यू. १९३८नंतर त्या घरात राहणं म्हणजे दाराची टकटक ऐकत राहणं. व्हिएन्नात त्यांच्याकडे शिकलेली मुंबईची एक पारशी विद्यार्थिनी होती. तिच्या ओळखीने रस्ता निघाला आणि लांगहामर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला-संचालक म्हणून बोरीबंदरला दाखल झाले. नेपियन सी रोडवर त्यांचं घर आणि स्टुडिओ. तिथे रविवारी बैठक भरे. चित्रकार येत, पारशी आणि गुजराती धनिक येत, डॉक्टर, पत्रकार येत. लांगहामर रंगवत ते जाड, भडक, कॅनव्हासवर ब्रशचे फटकारे तसेच ठेवून, ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काच्या वळणाचं. चित्रकार म्हणून ते फार मोठे होते असं मला वाटत नाही. त्यांची मुंबईची निसर्गचित्रं आज पाहिली तर रंग उत्साही वाटतात, एवढंच. पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या ज्या तेव्हाच्या मुंबईत मिळत नसत: युरोपातल्या नव्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती, आणि वेळ.

जे. जे. स्कूलमध्ये तेव्हा हाडामांसाचं शरीरशास्त्र, ग्रीक पुतळ्यांचे साचे आणि फार तर अजिंठा. सेझान, मातीस, क्ले ही नावं कानावर येत, चित्रं बघायला मिळत नसत. रझा नावाचा मध्य प्रांतातून आलेला तरुण एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत दिवसभर काम करी आणि संध्याकाळी लांगहामरांच्या स्टुडिओत रंगवत बसे. कृष्णाजी आरा मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, घरगडी म्हणून राबलेले, गाड्या धुणारे. त्यांची चित्रं हेरली रुडॉल्फ फॉन लेडन यांनी. लेडन बर्लिनचे, भूगर्भशास्त्राचे डॉक्टर. १९३३मध्ये मुंबईत आले ते भावामागोमाग. जाहिरातींचा स्टुडिओ काढला, ‘डेन्ली’ या नावाने व्यंगचित्रं काढली, आणि टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहिली. तिसरे इमान्युएल श्लेसिंगर. व्हिएन्नातला स्वतःचा चित्रसंग्रह तिथेच सोडून आलेले. इथे औषधांचा कारखाना काढला आणि पैसे हाती येताच पुन्हा चित्रं घ्यायला लागले. या वेळी हुसेन, आरा, रझा, सूझा यांची. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा.

१९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला: सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. ७ जुलै १९४९ला त्यांचं पहिलं प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलोनमध्ये भरलं, उद्घाटनाला मुल्कराज आनंद. या गटाचा इतिहास इंग्रजीत बहुधा असा सांगितला जातो की तीन युरोपीय निर्वासितांनी मुंबईला आधुनिक कला दिली. हे मला पटत नाही. चित्रं आली ती शहरातून. सूझा १९४५मध्ये जे. जे.मधून काढले गेले आणि काही काळ कम्युनिस्ट पक्षात गेले. पक्षाची कचेरी तेव्हा खेतवाडीत, सँडहर्स्ट रोडजवळ होती, तिथून गिरणगावातल्या संपाच्या बातम्या रोज निघत. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत होते, ग्रँट रोडच्या बदर बागेत राहत होते. हरी अंबादास गाडे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे, विज्ञान शिकलेले. सदानंद बाकरे बडोद्यात जन्मलेले शिल्पकार. यांना भूक होतीच. लांगहामरांनी ताट मांडलं, एवढं श्रेय त्यांचं. आणि ते कमी नाही. चित्र काढणाऱ्याला सर्वांत आधी हवा असतो तो बघणारा. बॉम्बे आर्ट सोसायटीची पदकं देणाऱ्या साहेबांना आणि संस्थानिकांना जे दिसत नव्हतं, ते देश गमावलेल्या या दोन-तीन माणसांना दिसलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नेपियन सी रोडवर रविवारी जर्मन चाले, इंग्रजी चाले. मराठी नाही. गिरगावात त्याच सुमारास साहित्य संघ उभा राहत होता, दादरला नाटकं, व्याख्यानं, दिवाळी अंकांची लगबग होती. अंकांच्या मुखपृष्ठांनी घरोघरच्या लोकांची चित्रं पाहण्याची सवय घडवली होती. ही दोन शहरं ट्रामच्या एकाच रुळावर होती आणि एकमेकांना फारशी भेटत नव्हती. म्हणून गाडे आणि बाकरे हे आपले लोक त्या गटात असूनही मराठी घरात आजही ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हटलं की हुसेनचंच नाव आधी निघतं. बाकरे १९५१मध्ये लंडनला गेले, पुढे परतून कोकणात हर्णैजवळच्या मुरुडला एकटे राहिले आणि २००७मध्ये वारले. त्यांना आपण ओळखलं ते बरंच उशिरा.

भेट झाली ती वेगळ्या वाटेने. गिरगावातल्या कुडाळदेशकर वाडीत, चाळीतल्या खोलीत, वासुदेव गायतोंडे राहत. १९४८मध्ये जे. जे.ची पदविका, १९५०मध्ये प्रोग्रेसिव्ह गटात प्रवेश. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांवर पाउल क्लेची छाया स्पष्ट आहे: लहानशी जागा, बारीक रेघ, आतल्या आत उजळणारा रंग. क्ले बर्नजवळच्या म्युन्शेनबुख्सेचे, म्हणजे जन्माने स्वित्झर्लंडचे. पण बाप जर्मन म्हणून कागदोपत्री जर्मन. १९३३मध्ये नाझींनी त्यांना ड्युसेलडोर्फच्या अकादमीतून काढलं. ते बर्नला परतले, स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि १९४०मध्ये, तो मंजूर होण्याआधीच, वारले. बर्नमध्ये वाढलेल्या माणसालाही बर्नने परकाच धरला. त्यांची चित्रं मात्र छापील पानांवरून विनाव्हिसा गिरगावात पोचली. गायतोंडे पुढे क्लेच्याही पलीकडे, आकारच नसलेल्या चित्रापर्यंत गेले. पण त्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड बर्नचा होता.

क्ले छापील पानांवरून आले; हिल्डे होल्गर यांचा ठसा मात्र अंगाने घ्यायचा होता. व्हिएन्नाची नर्तकी, जन्म १९०५. १९३९च्या उन्हाळ्यात मुंबईला आल्या. १९४०मध्ये पारशी डॉक्टर आदी बोमन-बेहराम यांच्याशी लग्न केलं, १९४१मध्ये नृत्यशाळा काढली. जातीधर्म न पाहता मुली घेतल्या. व्हिएन्नाच्या मुक्त नृत्याला भारतीय हस्तमुद्रा कशा जोडता येतील याचे प्रयोग केले. आई आणि मागे राहिलेले नातेवाईक छळछावण्यांत गेले. १९४८मध्ये त्या लंडनला गेल्या आणि तिथे त्यांनी मतिमंद मुलांसाठी नृत्याचं जे काम केलं त्याने त्यांचं नाव आज घेतलं जातं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता.

होल्गर यांना मुंबईला आणण्यात हात होता त्यांचे व्हिएन्नाचे मित्र चार्ल्स पेट्रास यांचा. पत्रकार, छायाचित्रकार. स्वतः छावणी भोगलेले. १९४६मध्ये त्यांनी मुंबईत परकीय भाषांची एक संस्था काढली. भाषा शिकवणं हा वरचा व्यवहार. आत वाचनालय, व्याख्यानं, आणि भिंतींवर चित्रांची प्रदर्शनं. मुंबईत गॅलऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या तेव्हा या भिंती फार कामाला आल्या. बर्लिनहून आलेल्या रशियन चित्रकार माग्दा नाखमान, क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्यांच्या पत्नी, यांचं प्रदर्शन तिथेच ठरलं होतं. फेब्रुवारी १९५१मध्ये उद्घाटनाला काही तास उरले असताना त्या गेल्या. प्रदर्शन झालं.

मग एकेक जण निघाला. कौफमान १९४६मध्येच गेले. पुढे अमेरिकेत उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. रझा १९५०मध्ये पॅरिसला. लांगहामर पन्नाशीच्या दशकात लंडनला. ऑस्ट्रिया १९५५मध्ये पुन्हा स्वतंत्र, तटस्थ देश झाला, तरी यांतले फार थोडे व्हिएन्नाला परतले. ज्या शेजाऱ्यांनी १९३८मध्ये घरांवर ताबा घेतला ते शेजारी तिथेच होते.

स्विसांची मुळं मात्र इथे अधिक खोल गेली. स्वतंत्र भारताने १४ ऑगस्ट १९४८ला मैत्रीचा पहिला करार केला तो स्वित्झर्लंडशी. १९५४मध्ये व्होल्कार्ट बंधूंचा यंत्रसामग्रीचा धंदा आणि टाटा मिळून नवी कंपनी निघाली. व्होल्कार्टचं ‘व्होल’ आणि टाटांचं ‘टास’. चिंचपोकळीला, आंबेडकर रस्त्यावर, व्होल्टास हाउस उभं राहिलं. लालबागचा राजा बघायला निघालेल्या गर्दीला ते नाव वातानुकूल यंत्रामुळे पाठ आहे. विंटरटूरच्याच सुल्झर कंपनीचे माग पुढे आले, आणि कापडाच्या दुकानदारांनी ‘सुल्झर’ हा शब्द सुटिंगच्या ताग्यावर असा छापला की ते एखाद्या गावाचं नाव असावं.

फॉन लेडन याच कंपनीत गेले, आधी व्होल्कार्टमध्ये आणि मग व्होल्टासमध्ये. ते राहिले. चित्रकारांचं बस्तान बसल्यावर त्यांचं मन गंजिफांवर गेलं, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर. दशावताराचे डाव, मुघल डाव, म्हैसूरचे डाव, सावंतवाडीचे लाखेचे पत्ते. हा खेळ खेळणारे संपत चालले होते, रंगवणारे त्याहून लवकर. लेडन पत्ते जमवत गेले, डावांचे नियम टिपत गेले, आणि १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनासोबत त्यांचं गंजिफांवरचं पुस्तक निघालं. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी त्याआधीच चितारींना पुन्हा बसवलं होतं. आज तिथे जाऊन दशावताराचा एक संच विकत घेता येतो.